दहा दिवस नागपूर आणि एक विहिरीचं पुस्तक

रामटेकच्या आमच्या वाचनालयातलं कोणतंबी पुस्तक मागा, मी डोळे मिटून काढून देतो. डोळे उघडे ठेवले तर जराक वेळ लागते, कारण मंग वाचावं लागते, अन् वाचनात माही गाडी चौथीतल्या जोडाक्षरांपाशी थांबली ते तिथंच थांबली.

अशा माणसाले वाचनालयात वीस वर्षं कोण ठेवन, असं तुमाले वाटन. ठेवलं, कारण मी नसलो की वाचनालय चालत नव्हतं. चालू नये अशी मीच सोय करून ठेवली होती. समद्या पुस्तकांले मी माह्या हातानं खाकी कागदाची कव्हरं लावली, मोरचूद घातलेल्या लेईनं (लेई म्हणजे मैद्याची खळ) चिकटवली, अन् पाठीवर नाव लिवाचं टाळलं. नाव लिवलं असतं तर माहं शुद्धलेखन गावाले दिसलं असतं. अन् पुस्तकं लावली ते विषयावर नाही, माणसांवर. हेडमास्तरांची एक फळी, डॉक्टरीणबाईची एक, पानमळ्यावाल्या दादाजीची एक. दादाजी दर उन्हाळ्यात विहीर कुठं अन् कशी खणावी याचं पुस्तक न्यायचे. आठ दिवसांनी ते वापस करून ज्योतिषाचं न्यायचे, त्या जागी पाणी लागन का नाही ते पाहाले. म्हणून आमच्याकडे विहिरीचं पुस्तक ज्योतिषाच्या पुस्तकाले खेटून राहे. मी भाचीच्या लग्नाले गेलो तवा वाचनालयावर तीन दिवस पाटी होती, ‘दुरुस्तीसाठी बंद’. दुरुस्ती कोणाची कराची होती ते पुढं येईनच.

एका दुपारी आमचे सचिव, वकीलसाहेब, कागद घेऊन आले. नागपुरात ग्रंथालयांच्या परिचर वर्गासाठी (परिचर म्हणजे शिपाईच, पण इस्त्री केलेला) दहा दिवसांचं शिबिर होतं. कागद वाचून झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं.

ती खुर्ची दोन महिन्यांपासून तिथं होती. सागवानी, दोन्ही बाजूले हात, वेताची बैठक. आमच्याकडे ग्रंथालय सहायक अशी नवी जागा होणार होती, अन् ही त्या जागेची खुर्ची. मी रोज तिच्यावरची धूळ पुसत होतो, वेतावर बोट फिरवत होतो, अन् मंग शिडीच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसत होतो. वीस वर्षांत त्या पायरीले माह्या बुडाचा आकार आला होता.

“वामन, तू अन् कुसुम दोघंबी जा,” वकीलसाहेब म्हणले. “शेवटच्या दिवशी परीक्षा हाय. ज्याचे मार्क जास्त, त्याची खुर्ची.”

कुसुम म्हणजे आमच्याकडे तीन वर्षांपासून झाडझूड अन् रजिस्टरातल्या नोंदी करणारी बाई. नवरा मनसरच्या खाणीत, घरी दोन लेकरं, स्वतः मॅट्रिक. तिले लेई शिजवाले मी शिकवलं. पहिल्या दिवशी तिच्या लेईत गुठळ्या झाल्या तर मी पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी तिची लेई माह्यापेक्षा चांगली झाली, तवापासून मी लेईवर हसणं सोडलं.

सकाळच्या गाडीनं निघालो. धानाच्या बांध्या कापून मोकळ्या पडल्या होत्या, थंडी चांगली होती. समोरच्या बाकावर कुसुमनं पिशवी उघडली. नवी वही, सोनेरी टोपणाचा पेन, दोन पेन्सिली, रबर. मी माही पिशवी उघडली. मुरमुऱ्याचे लाडू.

“भाऊ, पेन्सिल नाही आणली?”

“माह्या डोक्यात राहते सगळं.”

“मंग उतरताना डोकं गाडीत विसरू नका.”

कन्हानच्या पुलावरून लांब कोराडीच्या वीजघराच्या चिमण्या दिसल्या. नव्यानंच उभ्या झाल्या होत्या. कुसुमची मावशी तिथल्या कॉलनीत राहे, तिच्याकडे तिचा मुक्काम. माहा मुक्काम नागपूरजवळच्या वाडीले, साळ्याकडे. “तुह्या मावशीकडे लाईट असन रात्रभर,” मी म्हणलं. “वाचता येईन तुले.” बोललो तर हसत, पण कामठी येईपर्यंत मी त्या लाईटचाच विचार करत होतो. साळ्याकडे कंदील होता. कंदिलात मी काय वाचणार होतो ते देवाले माहीत, पण तिच्याकडे लाईट हाय ही गोष्ट मले खपली नाही.

नागपूर स्टेशनावर रिक्षावाला म्हणला, “कुठं जायाचं भाऊ?”

“मोठ्या ग्रंथालयात.”

“वाचाले?”

“शिकाले.”

त्यानं माह्या डोक्यावरचे पिकले केस पाह्यले. “बसा,” म्हणला, अन् सीताबर्डीपर्यंत माह्याशी एक शब्द बोलला नाही. कुसुमले मात्र त्यानं सांगतलं, “ताई, पाय नीट ठेवा, खड्डे हायेत.” खड्डे माह्याबी बाजूले होते.

ते ग्रंथालय पाहून माहं तोंड उघडं राह्यलं. तीन मजले. लाकडी खणांचं एक कपाटच्या कपाट, त्यात कार्डं, कार्डावर पुस्तकाचं नाव अन् नंबर. म्हणजे त्यांच्याकडे पुस्तक कुठं हाय हे कपाटाले माहीत होतं, शिपायाले माहीत असण्याची गरज नव्हती. मले ते कपाट पहिल्याच नजरेत आवडलं नाही. अन् शिडीले चाकं होती. तिथला परिचर एका पायानं जमिनीले धक्का देई अन् शिडीवर उभा राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत तरंगत जाई. त्याच्या अंगात बटणांचा कोट होता. मी त्याले नमस्कार केला. त्यानं मान हालवली, तेबी तरंगता तरंगताच. पहिल्या तासाभरात मी एका बाईवर, एका कपाटावर अन् एका शिडीवर जळलो होतो, अन् अजून सकाळचा च्याबी व्हायचा होता.

शिकवाले भालेराव सर होते. बारीक, स्वच्छ, बोलणं पुस्तकासारखं. पहिलं वाक्य त्यांनी फळ्यावर लिवलं अन् दहा दिवस पुसलं नाही. “चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक.” समदे उतरवून घेत होते. मी मनात म्हणलं, सर, आमच्याकडे चार कपाटं हरवलेली पुस्तकं हायेत अन् एकबी हरवलं नाही.

तिसऱ्या दिवशी वर्गांक आले (वर्गांक म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर, त्यावरून त्याची जागा ठरते). सरांनी दोन पुस्तकं हातात दिली. एकावर ९५४.२, दुसऱ्यावर ९५४.१२. “वामनराव, आधी कोणतं?”

वामनराव म्हणल्याबरोबर मी फुगलो. दोन आधी, बारा नंतर, हे मले आठवडी बाजारातल्या वांग्यांवरून माहीत होतं. ठेवून देलं.

“का बरं?”

“सर, दोन वांग्यांपेक्षा बारा वांगे जास्त.”

वर्ग हसला. मीबी हसलो, कारण हसवलं की चूक अर्धी होते असा माहा अनुभव हाय. सर मात्र हसले नाहीत. म्हणले, “टिंबानंतर बारा वाचायचं नाही. एक, मग दोन. एक आधी येतो.” मले कळलं नाही. मी मान हालवली. मंग बाजूनं कुसुम हळूच म्हणली, “भाऊ, टिंब म्हणजे दार. दाराच्या आत गेल्यावर एक-एक खोली पाहा. पहिली खोली एकची हाय का दोनची? जे पहिल्या खोलीत लहान ते आधी.”

अन् मले कळलं. एका झटक्यात. मले त्याचाच जास्त राग आला. सरांनी समजावलं असतं अन् समजलं असतं तर मी सरांचा चेला झालो असतो. आता मी लेईत गुठळ्या करणाऱ्या बाईचा चेला होतो.

सर म्हणले, “कुसुमताई, फार छान सांगितलंत. उद्यापासून हे उदाहरण मीही वापरीन.” त्या दुपारी मी टपरीवर दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले (तर्री म्हणजे हरभऱ्याचा लाल रस्सा, वर बोटभर तेलाचा तवंग) अन् रात्री पोटात जळजळ सुटली. साळा म्हणला, “भाऊजी, तर्री जास्त झाली.” मी हो म्हणलं. पण दुसऱ्या दिवशी तर्री खाल्ली नाही, तरी जळजळ होतीच.

माहा साळा गजानन वाडीले एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनशी हाय. त्याची खोली गोदामाच्या पाठीमागं, त्यामुळं उठलो की ट्रक, झोपलो की ट्रक. पाचव्या दिवशी बस चुकली तर गजाननानं मले एका ट्रकात बसवून देलं. पुढं जागा नव्हती, मी मागं पोत्यांवर. पोती सुक्या मिरचीची होती. सीताबर्डीले उतरलो तवा डोळे लाल, नाक लाल. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात त्या दिवशी आमाले शांततेचे नियम शिकवणार होते. मी दारातून शिंकलो. मंग टेबलाजवळ शिंकलो. एका म्हाताऱ्या वाचकानं पेपर खाली केला अन् तोबी शिंकला. कपड्यांतली मिरची हवेत गेली अन् दहा मिनिटांत अख्खा कक्ष शिंकून राह्यला होता. फक्त कुसुम शिंकली नाही. तिनं पदर नाकाले लावला अन् खिडक्या उघडत गेली, एकामागं एक. सरांनी ते पाह्यलं. मी शिंकताना एका डोळ्यानं पाह्यलं की सरांनी पाह्यलं.

गजाननाले रात्री हे सांगतलं तर तो लोळून हसला. मंग कंदील बारीक करत म्हणला, “पण भाऊजी, खरं सांगा. पोट्टी तुमच्या पुढं जाऊन राह्यली ना?”

“पोट्टी नाही गा, दोन लेकरांची माय हाय.”

“मंग तर अजून कठीण. खुर्चीवर बसून तुमालेच म्हणन, भाऊ, शिडीवर चढा.”

आठव्या दिवशी मले ते डोळ्यानं दिसलं. देवघेवीच्या काउंटरवर प्रत्यक्ष काम शिकाचं होतं. सरांनी कुसुमले तिथल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसवलं. कोराडीवरून येताना तिच्या लुगड्याच्या काठाले राख लागलेली राहे. तशाच राखेच्या काठानं ती बसली, तारखेचा शिक्का घेतला, अन् पुस्तकं घेऊ-देऊ लागली. ठप, ठप, ठप. एक कॉलेजचा मास्तर तिले “मॅडम” म्हणला. ती जराशी लाजली अन् दुसऱ्याच पुस्तकापासून लाजणं विसरली. मंग माही पाळी आली. मी बसलो तर खुर्ची फिरली, अन् पहिल्या वाचकाले माही पाठ दिसली.

च्याच्या सुट्टीत मी कुसुमले म्हणलं, “काय वं, मॅडम झाली ना तू?”

“भाऊ, मले फक्त घरी जायाचं हाय,” ती म्हणली. “लहाना माह्याशिवाय जेवत नाही. सासू चिठ्ठीत लिवत नाही, पण मले माहीत हाय. जागा मिळाली तर झाडू सुटन, हातात कायमचं काम येईन. म्हणून बसली मी इथं.”

हे ऐकून माहा जळफळाट थांबाले पाह्यजे होता. नाही थांबला. उलट वाटलं, हिच्याकडे कारणबी माह्यापेक्षा चांगलं हाय. मले तर फक्त बसायचं होतं.

दहाव्या दिवशी परीक्षा. हॉलमध्ये रॅक मांडले होते, प्रत्येकाले एक, प्रत्येक रॅकजवळ साठ पुस्तकांचा ढीग. सकाळी ती वर्गांकाप्रमाणं लावाची. रॅकच्या डोक्यावर पाच चिठ्ठ्या पालथ्या ठेवल्या होत्या, दगडाखाली. दुपारी सर येऊन एकेक चिठ्ठी उलटतील, ते पुस्तक रॅकातून काढून देयाचं. जो जास्त काढन त्याचे मार्क जास्त.

कुसुमचं अर्ध्या वेळात झालं. तिनं एकदा वरून खाली बोट फिरवलं अन् डबा घेऊन बाहेर गेली. हळूहळू समदे गेले. मी प्रत्येक पुस्तकासाठी दाराच्या आत जाऊन खोल्या पाहत होतो, एक-एक. शेवटचं पुस्तक ठेवलं तवा हॉलमध्ये मी एकटाच होतो. पण ठेवलं बरोबर. साठच्या साठ. मी दोनदा तपासलं. एवढं नीट काम मी आयुष्यात केलं नव्हतं, अन् ते कोणाच्या शिकवण्यानं केलं हेबी मले माहीत होतं.

बाजूचा रॅक कुसुमचा. मी तिथं का गेलो हे मले त्या वेळेले कोणी विचारलं असतं तर मी म्हणलो असतो, पाहाले. मी तिचा दगड उचलला अन् वरची चिठ्ठी उलटली. माह्यासारख्या वाचणाऱ्याले चिठ्ठी वाचाले मिनिट लागते, पण हे नाव मी वीस वर्षांपासून ओळखत होतो. तेच विहिरीचं पुस्तक. नागपुरातबी तेच. मी ते तिच्या खालच्या फळीतून काढलं अन् वरच्या फळीवर दुसऱ्या पुस्तकांत सरकवून देलं. जाऊन हात धुतले अन् झाडाखाली कुसुमच्याच डब्यातली भाकर खाल्ली. “भाऊ, जवसाची चटणी घ्या,” ती म्हणली. मी घेतली.

दुपारी सर आले. माह्या पाचही चिठ्ठ्या झाल्या, पाचही पुस्तकं देली. काढून देणं हे तर माहं कामच होतं. मंग कुसुमकडे. वरची चिठ्ठी सरांनी तळाशी घातली, चार विचारल्या, तिनं चार देल्या, सर “पुढचं” म्हणाच्या आत. पाचवी आली. ती खाली वाकली. सरळ झाली. परत वाकली.

“सर, इथंच होतं. मी इथंच ठेवलं होतं.”

“बघा शांतपणे.”

तिनं सगळी फळी पाह्यली, मंग खाली फरशीवर, मंग रॅकच्या मागं. कपाळावर घाम. ती रडली असती तर मले सोपं गेलं असतं. ती रडली नाही, फक्त परत पहिल्यापासून बोट फिरवू लागली. सर म्हणले, “ताई, वेळ संपली.” मंग आम्हा सगळ्यांकडे वळून, सवयीनं म्हणावं तसं म्हणले, “विहिरीचं पुस्तक कोणाला दिसतंय का?”

आता मी तुमाले सांगू शकतो की मले दया आली. पण तसं नाही झालं. वीस वर्षांत कोणी पुस्तक मागतलं अन् माह्या हातानं देलं नाही असं कधी घडलं नव्हतं. कान ऐकते, हात जाते, मधात डोक्याले कोणी विचारत नाही. सरांनी विचारलं, अन् माहा हात वरच्या फळीवर गेला, पुस्तक काढलं, सरांपुढं धरलं. हातात आलं तवा मले कळलं मी काय केलं ते.

सर पुस्तकाकडे पाहत होते, मंग माह्याकडे. मी म्हणलं, “सर, मी वासावरून काढतो.” सगळे हसले.

अन् सर मले शाबासकी देऊ लागले. “बघा. चौथी शिकलेला माणूस. पण नजर बघा. ही नजर कोणत्याही शिबिरात शिकवता येत नाही.” त्यांनी सगळ्यांले टाळ्या वाजवाले लावल्या. माहे पाचपैकी पाच, कुसुमचे पाचपैकी चार. मी काहीच केलं नसतं तर आमी दोघं बरोबरीत असतो. हे मले टाळ्या वाजत असताना सुचलं. कुसुमनंबी टाळी वाजवली, पण ती माह्याकडे पाहत नव्हती. त्या वरच्या फळीकडे, पुस्तक होतं त्या रिकाम्या जागेकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वापस. मी संत्री घेतली, घरच्यांसाठी संत्र्याची बर्फी घेतली, अन् कामठी येईपर्यंत चार विनोद सांगतले. ती एकावरबी हसली नाही. मी एक संत्रं सोलून पुढं केलं.

“भाऊ,” ती म्हणली, “ते पुस्तक ज्योतिषाच्या पुस्तकाले खेटून होतं.”

“अं?”

“वरच्या फळीवर कितीतरी पुस्तकं होती. कुठंबी घातलं असतं. पण ते ज्योतिषाजवळ होतं. विहिरीचं पुस्तक ज्योतिषाजवळ ठेवणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच होता.”

कन्हानचा पूल आला. खाली नदी बारीक झाली होती. माह्या हातातलं संत्रं तसंच. लपवाचं होतं तरी माह्या हातानं त्याले दादाजीच्या जागी नेऊन ठेवलं होतं, हे मले आता कळलं, तेबी तिनं सांगतल्यावर.

“मंग सरले काहून नाही सांगतलं?”

“काय सांगू? रामटेकची दोन माणसं आली अन् तिथं भांडली, असं? मी वकीलसाहेबालेबी नाही सांगणार.” तिनं पिशवी मांडीवर घेतली. “केलं तुमी, सांगा तुमी. नाही सांगतलं तर मी झाडू घेईन हातात. तीन वर्षं घेतलाच ना.”

अन् ती खिडकीले डोकं टेकून झोपली. मले तिच्या झोपेवरबी जळावंसं वाटलं. माही कालपासून गेली होती.

रामटेकले वकीलसाहेबांच्या हाती सरांचं पत्र आदल्या संध्याकाळच्या गाडीनं आमच्या आधी आलं होतं. चार जण जमले होते, पेढे होते. वकीलसाहेबांनी पत्र वाचलं, ‘नजर’ हा शब्द दोनदा वाचला, अन् मले हाताले धरून त्या खुर्चीवर बसवलं. वेत करकरला. वीस वर्षांनी माह्या पाठीले काहीतरी टेकलं. खरं सांगतो, इतकं बरं वाटलं की मी ठरवलं होतं, आज नाही, उद्या सांगू.

मंग कुसुम कोपऱ्यात गेली अन् झाडू उचलला.

“साहेब,” मी म्हणलं, “तिचं पुस्तक मीच लपवलं होतं.”

सगळे हसले. वकीलसाहेब सगळ्यात जास्त. “पाहा, वामन खुर्चीवर बसला तरी वामनच.”

“खरं सांगून राह्यलो साहेब. चिठ्ठी उलटून पाह्यली, अन् पुस्तक काढून ज्योतिषात घातलं.”

ते अजून हसले. एकाले ठसका लागला. मी जन्मभर लोकाले हसवलं, अन् ज्या दिवशी हसू नये त्या दिवशीबी ते थांबेनात. मी उभा राह्यलो. “कुसुमले विचारा.”

वकीलसाहेबांनी डोळे पुसत विचारलं, “काय वं कुसुम?”

ती झाडू धरून उभी. “हो साहेब. तसंच झालं.”

ती विनोद करत नाही हे सगळ्यांले माहीत होतं. हसू हळूहळू विझलं. वकीलसाहेब माह्याकडे असे पाहू लागले की मी बुडाखालची जागा स्वतःच रुमालानं पुसली अन् बाजूले झालो. मले घरी पाठवलं नाही त्यांनी. नुसतं म्हणले, “शिडीवर जा.”

पुढचे दोन महिने आमी समदी पुस्तकं उतरवून परत लावली. कुसुम खुर्चीवर बसून चिठ्ठीवर नंबर लिवे, मी माह्याच खाकी कव्हरांवर त्या चिठ्ठ्या चिकटवी. हेडमास्तरांची फळी मोडली, डॉक्टरीणबाईची मोडली. शिडीले मी एका जुन्या हातगाडीची चाकं बसवली अन् पहिल्याच दिवशी तिच्यासंग सरळ दाराबाहेर ओट्यापर्यंत गेलो. आता मी चार दिवस गावाले गेलो तरी पाटी लागत नाही. हे नागपुरातच शिकलो, की ज्याच्याशिवाय काम अडते तो मोठा माणूस नसते, त्यानं काम अडवून ठेवलेलं असते. शिकलो म्हणजे पटलं असं नाही. पहिल्यांदा कोणीतरी पोट्टा मले न विचारता पुस्तक काढून घेऊन गेला, तवा पोटात परत ती तर्री पेटली.

परवा दादाजी आले. उन्हाळा लागला होता. “वामन, विहिरीचं काढ गा,” म्हणले. माहा हात ज्योतिषाकडे गेला, थांबला, अन् खालच्या कपाटाकडे वळला. पुस्तक नंबरावर होतं.

दादाजीनं खुर्चीवरच्या कुसुमकडे पाह्यलं. “तू तर पहिला आला होता म्हणे नागपुरात?”

मले राहावलं नाही. “आलो होतो दादाजी,” मी शिडीवरून म्हणलं. “पण लेकरांची माय हाय बिचारी. देली मी तिले खुर्ची.”

“मोठं मन हाय गा तुहं,” दादाजी म्हणले.

कुसुमनं मान वर केली नाही. दादाजीच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, ठप, अन् म्हणली, “देली नाही भाऊ, नेलेली वापस आणली. वापस आणलेल्या पुस्तकासाठी आपण कोणाचे आभार मानत नाही. उतरा खाली, दादाजीले पुस्तक द्या.”